कॅल्शियम जास्त, डी कमी : मग पुडी घ्यायची की नाही?

मावशींनी दोन चिठ्ठ्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “आता तूच सांग बाबा, कुणाचं ऐकायचं?”

पहिली चिठ्ठी हाडांच्या डॉक्टरांची. व्हिटॅमिन डी ९ आलंय, म्हणून आठवड्याला ६०,००० युनिटची एक पुडी दुधातून आणि रोज रात्री कॅल्शियमची गोळी. दुसरी चिठ्ठी मुतखड्यासाठी दाखवलेल्या डॉक्टरांची. रक्तात कॅल्शियम ११.४ आलंय, म्हणून ‘कॅल्शियम व डी बंद’, त्याखाली दोन रेघा, आणि एक नवीन तपासणी : पीटीएच. बाई एक, महिना एक. एकाला काहीतरी कमी दिसलं, दुसऱ्याला काहीतरी जास्त. आणि गंमत म्हणजे दोघांनीही आपापला आकडा बरोबरच वाचला होता.

मावशी वडगावच्या. साठीच्या आसपास, जन्म सगळा यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलेला. दोन वर्षांत दोनदा मुतखडा, आणि गेल्या पावसाळ्यात न्हाणीत घसरून मनगट मोडलं. “पाय लई दुखालेत, झोप न्हाई, सारखी तहान लागते. घरात म्हणतात, वय झालं.”

बेळगावच्या शहापुरात माझं मेडिकल आहे. अशा जोडचिठ्ठ्या पूर्वी क्वचित दिसायच्या. आता ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती खानापूर-निपाणीच्या गल्ल्यांपर्यंत पोचल्यात आणि त्यांच्या लांबलचक यादीत कॅल्शियम आणि डी दोन्ही असतात. रिपोर्ट इंग्रजीत, दवाखान्याची पाटी कन्नडात, काळजी मात्र मराठीत. मी डॉक्टर नाही, औषधं देतो आणि चिठ्ठ्या वाचतो. पण हा गुंता नेमका कसला आहे ते सांगता येईल. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम.

मानेतले चार दाणे

गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉइड ही ग्रंथी असते, ती बहुतेकांना माहीत आहे. तिच्या पाठीमागे, तिला चिकटून, तांदळाच्या किंवा मसुरीच्या दाण्याएवढ्या आणखी चार ग्रंथी असतात. त्यांचं नाव पॅराथायरॉइड. नावात थायरॉइड असलं तरी कामाचा काही संबंध नाही, नुसता शेजार. वजन म्हणाल तर एकेकीचं ३०-५० मिलिग्रॅम.

इतक्या बारीक की शरीरशास्त्रवाल्यांना त्या उशिरापर्यंत सापडल्याच नव्हत्या. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय एकशिंगी गेंडा मेला. त्याची चिरफाड करताना रिचर्ड ओवेन यांना मानेत एक छोटी पिवळसर ग्रंथी दिसली. माणसातल्या या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० मध्ये स्वीडनच्या उप्साला इथल्या इवार सँडस्ट्रॉम या तरुणाने केलं. गेंडा आपला, शोध त्यांचा!

या चार दाण्यांचं काम एकच : रक्तातलं कॅल्शियम एका ठरावीक पट्ट्यात ठेवणं. बहुतेक लॅबच्या रिपोर्टवर तो पट्टा साधारण ८.५ ते १०.५ असा छापलेला असतो. कॅल्शियम जरा घसरलं की हे दाणे एक रसायन सोडतात. तेच पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन.

सोसायटी, गल्ला आणि मॅनेजर

बेळगावात पतसोसायटी ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. संध्याकाळी पिग्मीवाला दुकानात येतो, रोजचे पन्नास-शंभर नेतो. तीच सोसायटी डोळ्यासमोर आणा.

हाडं म्हणजे मुदत ठेवी. शरीरातलं जवळजवळ ९९ टक्के कॅल्शियम तिथे आणि दातांत असतं. रक्त म्हणजे काउंटरवरचा गल्ला. त्यात थोडीच रोकड असते, पण दिवसभराचा व्यवहार तिच्यावरच चालतो : स्नायू आखडणं, हृदयाचे ठोके, मज्जातंतूंचे निरोप. आतडं म्हणजे पिग्मीवाला, रोजच्या जेवणातून थोडं थोडं गोळा करून आणणारा. आणि पॅराथायरॉइड म्हणजे गल्ल्यावर नजर ठेवणारा मॅनेजर.

गल्ला कमी झाला की मॅनेजर तीन गोष्टी करतो. हाडांच्या ठेवीतून थोडं काढतो. मूत्रपिंडाला सांगतो, कॅल्शियम लघवीतून बाहेर जाऊ देऊ नको. आणि पिग्मीवाल्याला जास्त वसुलीला पिटाळतो. गल्ला भरला की गप्प बसतो.

आता समजा, मॅनेजरच बिघडला. गल्ला भरून नोटा खाली पडताहेत, तरी याचं आपलं चालूच : मोड ठेव, आण पैसा. याच आजाराला प्राथमिक हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. ‘प्राथमिक’ म्हणजे दोष ग्रंथीतच आहे, तिला बाहेरून कुणी चिथावलेलं नाही. दहातल्या आठ रुग्णांत चारपैकी एकाच दाण्याची गाठ झालेली असते आणि ती कॅन्सरची नसते. कॅन्सर निघण्याचं प्रमाण शेकड्याला एकाहूनही कमी. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार तिपटीने जास्त, त्यातही पाळी गेल्यानंतर.

परिणाम उघड आहेत. ठेवी रिकाम्या होतात, म्हणजे हाडं ठिसूळ होतात. गल्ल्यातून सांडलेलं कॅल्शियम मूत्रपिंडात जाऊन बसतं, तो मुतखडा. मूत्रपिंड कितीही अडवत असलं तरी लोंढाच एवढा असतो की लघवीत कॅल्शियम उतरतंच. शिवाय तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, थकवा, मनाची मरगळ. मावशींचं ‘वय झालं’ म्हणजे ही सगळी यादीच होती.

मग व्हिटॅमिन डी यात कुठे आलं?

इथे सोसायटी सोडून गुऱ्हाळावर जाऊ, कारण डीची गोष्ट उसाशिवाय नीट सांगता येत नाही.

ऊन अंगावर पडलं की कातडीत कच्चं डी तयार होतं. ते यकृतात जातं आणि तिथे त्याचा साठवणीचा प्रकार बनतो. हा साठा म्हणजे गुऱ्हाळाच्या अंगणात रचलेल्या उसाच्या मोळ्या. मोळी काही चहात घालता येत नाही. तिचा गूळ व्हायला लागतो, आणि तो होतो मूत्रपिंडात. हे पक्कं, कामाचं डी. त्याच्या जोरावरच आतडं जेवणातलं कॅल्शियम ओढून घेतं. आता मुख्य मुद्दा : काहिलीखाली जाळ किती घालायचा हे पीटीएच ठरवतं. पिग्मीवाल्याला पिटाळणं म्हणतो ते हेच.

लॅबमध्ये आपण ‘व्हिटॅमिन डी’ म्हणून जी तपासणी करतो ती अंगणातल्या मोळ्या मोजते. गूळ मोजत नाही. हे एवढं वाक्य लक्षात राहिलं तरी मावशींच्या दोन चिठ्ठ्यांतलं निम्मं भांडण मिटतं.

बिघडलेला मॅनेजर रात्रंदिवस जाळ घालतोय. काहिलीवर काहील उतरतेय. गूळ रग्गड, अंगणातला ऊस मात्र झपाट्याने संपतोय. त्यात भर म्हणजे गूळ फार झाला की शरीर डी मोडून टाकायचं कामही वाढवतं आणि त्या मोडतोडीत अंगणातला ऊसही जातो. म्हणून या आजारात डीचा रिपोर्ट कमी येणं ही आडवळणाची गोष्ट नाही, ती नेहमीची आहे. आजाराशेजारी योगायोगाने आलेली दुसरी कमतरता नव्हे, पुष्कळ अंशी त्याच आजाराची सावली.

पुष्कळ अंशी म्हणालो, कारण आपल्याकडे ऊस मुळातच कमी येतो. त्याबद्दल पुढे.

शरीरानेच शहाणपणाने डी कमी केलं असेल तर?

हा प्रश्न मला एका शिक्षकांनी विचारला होता आणि तो बावळट मुळीच नाही. काही सर्जनही या अंगाने विचार करतात : कॅल्शियम आधीच जास्त, डी आणखी कशाला ओतायचं, गाठ काढा म्हणजे झालं.

गाठ काढा, हे खरंच. पण साठा कमी ठेवल्याने आजार सौम्य राहतो असं दिसत नाही, उलटच दिसतं. ज्यांचं डी फार खालावलेलं असतं त्यांचं पीटीएच जास्त चढलेलं, गाठ मोठी आणि हाडांची दशा वाईट, असं रुग्णांच्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा आढळलं आहे. कारण उसाची टंचाई हा दाण्यांना स्वतंत्र चाबूक आहे. बिघडलेल्या मॅनेजरला वर कुणीतरी ‘माल संपतोय, माल संपतोय’ म्हणून ओरडत राहावं, तसं.

भारतातल्या रुग्णांत हा आजार पुष्कळदा मोडक्या हाडांनी आणि मुतखड्यांनीच उघडा पडतो, तर अमेरिका-युरोपात तो बहुतेक वेळा नेहमीच्या रक्ततपासणीत, काही त्रास नसतानाच सापडतो. तिकडे १९७० च्या दशकात कॅल्शियम सर्रास मोजायला लागले आणि आजार लवकर दिसू लागला. आपल्याकडे तपासणी उशिरा होते हे एक कारण, आणि डीची जुनी टंचाई हे दुसरं मानलं जातं.

पीटीएच वाढलेलं आलं म्हणजे हाच आजार का?

नाही. आणि घाबरून दुकानात येणारे निम्मे लोक या दुसऱ्या गटातले असतात.

डी नुसतंच कमी आहे, ग्रंथी धडधाकट आहे, असंही होतं. ऊस नाही, गूळ नाही, आतडं कॅल्शियम ओढत नाही, गल्ला खाली जायला लागतो. मग मॅनेजर आपलं कामच करतो, पीटीएच वाढवतो. इथे दोष त्याचा नाही. ओळखायची खूण : पीटीएच जास्त, पण कॅल्शियम नॉर्मल किंवा कमी. काही महिने डी भरून काढलं की बहुधा पीटीएच आपोआप खाली येतं.

कॅल्शियम जास्त आणि तरीही पीटीएच जास्त, किंवा निदान जितकं दबायला हवं तितकं दबलेलं नाही, तर संशय ग्रंथीवर. कॅल्शियम जास्त आणि पीटीएच अगदी खाली असेल तर चोर तिसराच आहे : डीचा अतिरेक, टीबीसारखे काही आजार, कॅन्सर. तिथे शोध वेगळा.

म्हणून एकेक आकडा सुटा वाचून काही कळत नाही. कॅल्शियम, पीटीएच आणि डी एकाच वेळच्या रक्तातून, आणि सोबत अल्ब्युमिन व मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कॅल्शियमला धरून ठेवतं. ते कमी असेल तर एकूण कॅल्शियम खोटंच कमी दिसतं. रक्त घेताना दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरी कॅल्शियम थोडं चढून येतं. एका रिपोर्टवर कुणी ऑपरेशन ठरवत नाही ते यामुळेच. बीपीच्या गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असेल किंवा मनाच्या आजारासाठी लिथियम चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, दोन्हींनी कॅल्शियम वाढू शकतं.

चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगतात, तिचा लोकांना फार कंटाळा. पाच लिटरचा कॅन घेऊन बसने कसं जायचं, हा खानापूरच्या एका गृहस्थांचा प्रश्न मला अजून सोडवता आलेला नाही. पण तिचा उपयोग आहे. काही घराण्यांत जन्मापासूनच कॅल्शियम थोडं जास्त असतं, लघवीतून फार कमी जातं, आणि त्यांना ऑपरेशनची सहसा गरज नसते. डी कमी असेल तर लघवीतलं कॅल्शियम तसंही घटतं आणि माणूस चुकून या खात्यात जमा होऊ शकतो. त्यासाठी आधी डी ठीक करून मग ही तपासणी केलेली बरी.

‘पुडी घेतली आणि कॅल्शियम वाढलं’

ही तक्रार खरी असते, पण दोष चुकीच्या माणसावर जातो.

कधी कधी ग्रंथी बिघडलेली असते, पण डी इतकं कमी असतं की कॅल्शियम वरच्या मर्यादेच्या आतच राहतं. रिपोर्टवर तारा नाही, ठळक अक्षर नाही, सगळं ठीक दिसतं. पुढे कुणीतरी अंगदुखीसाठी डी देतं, आतडं कामाला लागतं आणि कॅल्शियम ११ वर जातं. घरचे म्हणतात, पुडीने आजार लावला. चोर्ल्याच्या घाटात धुकं विरलं की समोर उभा असलेला ट्रक दिसतो. ट्रक धुकं विरल्याने आलेला नसतो.

अर्थात एक फाटा खरोखर धोक्याचा आहे. आठवड्याची पुडी कुणी रोज घेतली तर निरोगी माणसाचंही कॅल्शियम चढू शकतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय : चिठ्ठीवरचं इंग्रजी कुणाला लागलं नाही आणि आजोबांनी पंधरा दिवसांत बारा पुड्या संपवल्या. तेव्हापासून मी प्रत्येक पाकिटावर पेनाने ‘दर रविवारी एक’ असं मराठीत लिहितो.

कॅल्शियम जास्त असताना डी देणं म्हणजे आगीत तेल नाही का?

भीती रास्त आहे, म्हणून तर दुसऱ्या चिठ्ठीवर रेघा मारलेल्या होत्या. पण तपासून पाहिलेलं उत्तर असं : बेताने दिलं तर बहुतेकांत नाही.

डेन्मार्कमध्ये या आजाराच्या ४६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना ऑपरेशनच्या आधी सहा महिने रोज २,८०० युनिट डी, काहींना नुसती दिखाऊ गोळी. डी घेणाऱ्यांचं पीटीएच सुमारे १७ टक्क्यांनी उतरलं, मणक्याच्या हाडाची घनता थोडी सुधारली, आणि रक्तातलं किंवा लघवीतलं कॅल्शियम काही वाढलं नाही. अभ्यास लहान आहे, शिवाय सरासरी म्हणजे प्रत्येक माणूस नव्हे. एखाद्याचं वाढतंच. म्हणून अधूनमधून रक्त तपासत राहायचं.

या आजाराच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय बैठका होत असतात. २०१४ च्या शिफारशींत साठा निदान २० च्या वर ठेवा आणि रोज ६०० ते १,००० युनिटपासून जपून सुरुवात करा असं होतं. २०२२ च्या शिफारशींत ती रेघ ३० वर नेली. म्हणजे ‘डी बंद’ हा आता जगमान्य नियम राहिलेला नाही. मात्र कॅल्शियम खूपच चढलेलं असेल, १२ च्या पलीकडे, तर डॉक्टर सहसा आधी ते उतरवण्याच्या मागे लागतात. तिथे डीची घाई नाही.

आता हिशोब करा. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला सरासरी साडेआठ हजारांच्या वर. महिन्याला एक पुडी म्हणजे दिवसाला दोन हजार. दोन्हींत किती फरक आहे पाहा. काही डॉक्टर देखरेखीखाली मोठा डोसही देतात, तो त्यांच्या अनुभवाचा भाग. पण शेजारणीची उरलेली पुडी आपण घ्यायची, यात कसलाच अनुभव नाही.

पुडी आणि कॅप्सूल एक नव्हे

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण ही चूक काउंटरवरच होते.

पुडीत असतं कोलेकॅल्सिफेरॉल. तो ऊस. अंगणात पडतो, लागेल तसा वापरला जातो. बाजारात कॅल्सिट्रिऑल नावाचं दुसरं औषध मिळतं, ०.२५ मायक्रोग्रॅमच्या इवल्या कॅप्सूलमध्ये. तो थेट गूळ. कॅल्शियमच्या कित्येक गोळ्यांमध्ये ते आधीच मिसळलेलं असतं आणि वेष्टनावर पुढे मोठ्या अक्षरात नुसतं कॅल्शियमच दिसतं. ज्याच्या अंगात गूळ आधीच उतू चाललाय त्याला वरून गूळ दिला तर कॅल्शियम चढायला वेळ लागत नाही. मावशींच्या पहिल्या चिठ्ठीतली रात्रीची गोळी नेमकी अशी होती. मी पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं त्यांच्या सुनेला वाचून दाखवली आणि म्हटलं, ही गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना एक फोन करा.

तुम्हीही मागची बाजू वाचा.

दूध-नाचणी बंद करू का?

नको. सोसायटीची गोष्ट आठवा. पिग्मी बंद केली म्हणून बिघडलेला मॅनेजर सुधारत नाही, तो ठेवी आणखी जोरात मोडतो. जेवणातलं कॅल्शियम फार तोडलं तर पीटीएच वाढायला आणखी एक निमित्त मिळतं. तज्ज्ञांचं म्हणणंही हेच : इतर कुणाही माणसासारखं, दिवसाला ८०० ते १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम जेवणातून जाऊ द्या. सकाळची नाचणीची आंबील, दुपारचं ताक, काही सोडायचं कारण नाही.

पाणी मात्र भरपूर. एप्रिल-मेच्या उन्हात, जुलाब-उलटी झाल्यावर, उपासाच्या दिवशी अंगातलं पाणी आटलं की कॅल्शियम झटक्यात चढतं. वारीला जाणाऱ्या एका काकांना त्यांच्या डॉक्टरांनी औषधाआधी पाण्याची बाटली लिहून दिली होती, ते अगदी योग्य होतं.

आपल्याकडे एवढं ऊन, तरी डी कमी कसं?

ऊन आहे, पण ते अंगावर पडत नाही. डी बनवणारे किरण उन्हाच्या भरात, साधारण दहा-अकरा ते तीनच्या दरम्यान चांगले मिळतात, आणि खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. त्या वेळी वडगावची बाई मागावर असते, निपाणीची बाई सुपात तंबाखू-पानं घेऊन उंबऱ्याच्या आत विड्या वळत असते आणि टिळकवाडीतला माणूस ऑफिसात. सावळ्या कातडीला तेवढंच डी बनवायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. साडी, पदर, बुरखा, फुल शर्ट, यांतून उरतात तोंड आणि हात. त्यात आपला पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जांबोटी-कणकुंबीकडे सूर्य पाहुण्यासारखा येतो.

जेवणातून डी फारसं मिळत नाही. अंड्याचा बलक, तेलकट मासे, आणि ‘+एफ’ चिन्हाचं, जीवनसत्त्वं घातलेलं दूध, एवढंच. ऊन घ्या, जरूर घ्या. पण ज्याच्या गुऱ्हाळात जाळ थांबतच नाही, त्याचा साठा नुसत्या उन्हाने भरून निघेल अशी आशा नको.

मग आजार जातो कशाने?

डीने जात नाही. ते फक्त अंगण भरतं, मॅनेजर बदलत नाही.

हे वैद्यकालाही एकदा उलट्या वाटेने शिकावं लागलं. १९२५ साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल या सर्जनकडे एक ट्रामचा कंडक्टर होता, हाडं इतकी पोखरलेली की चालणं मुश्कील. तेव्हाची समजूत अशी की या आजारात पॅराथायरॉइड कमी पडते. म्हणून मांडलने त्याला आधी त्या ग्रंथीचा अर्क दिला, मग दुसऱ्याची ग्रंथीसुद्धा बसवून पाहिली. काही उपयोग नाही. शेवटी मान उघडली, तर आत गाठ. ती काढल्यावर दुखणं उतरलं आणि माणूस चालू लागला. पुढे आजार उलटला, ती गोष्ट वेगळी. पण कमी आहे म्हणून भरत बसण्यापेक्षा जास्त कुठे आहे ते शोधायला हवं, हे त्या दिवशी दिसलं.

आजही खरा इलाज ऑपरेशनच, आणि सरावलेल्या सर्जनच्या हाती ते शंभरात पंचाण्णवांहून अधिक जणांत यशस्वी होतं. आधी सोनोग्राफी आणि सेस्टामिबी नावाचा स्कॅन करून गाठ कुठे आहे ते पाहतात. पीटीएच रक्तात काही मिनिटंच टिकतं. म्हणून गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासलं आणि आकडा निम्म्याहून खाली आला, तर योग्य दाणा निघाला हे टेबलावरच कळतं. ही सोय प्रत्येक ठिकाणी नसते.

त्रास नसलेल्या प्रत्येकाला ऑपरेशन लागतं असं नाही. वय पन्नाशीच्या आत, कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा एकाहून जास्त, हाडं ठिसूळ किंवा मणका दबलेला, मुतखडा, मूत्रपिंड कमजोर, यांपैकी काहीही असेल तर मात्र सर्जनला भेटायलाच सांगतात. बाकीच्यांवर नजर ठेवतात. मावशींच्या नावापुढे दोन खुणा आधीच लागल्या होत्या.

ऑपरेशननंतर उलटी गंगा

गाठ निघाली, नवा मॅनेजर शुद्धीवर आला, की वर्षानुवर्षं उपाशी राहिलेली हाडं गल्ल्यावर तुटून पडतात. मोडलेल्या ठेवी पुन्हा भरायला लागतात आणि रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येतं. डॉक्टर याला भुकेली हाडं म्हणतात. दोन ते चार दिवसांत ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या, पायात गोळे. हाडं जितकी पोखरलेली आणि डीचा साठा जितका रिकामा, तितका हा धोका मोठा. ऑपरेशनआधी अंगण भरून ठेवायचं खरं कारण मला तरी हेच सगळ्यात पटतं.

मावशींचं पीटीएच २०० च्या वर, म्हणजे चांगलंच चढलेलं निघालं. दोन महिने थोडं थोडं डी, दर तीन आठवड्यांनी कॅल्शियमची तपासणी, आणि मग मिरजेला ऑपरेशन. तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला, “अण्णा, आईंच्या ओठाला मुंग्या आल्यागत होतंय, सिस्टरना सांगितलंय.” आठवड्याने ती नवी चिठ्ठी घेऊन दुकानात आली. त्यावर कॅल्शियम, दिवसातून तीनदा. आणि खाली कॅल्सिट्रिऑल, ०.२५.

तिने चिठ्ठी माझ्यासमोर धरली. “ही तर तीच, तुम्ही नको म्हणालात ती.”

तीच, म्हटलं. मॅनेजर बदललाय, काहिलीखालचा जाळ विझलाय आणि हाडं भुकेली आहेत. आता थोडे दिवस गूळ बाहेरूनच आणायचा. पट्टी कापून दिली, पाकिटावर तीन वेळा लिहिल्या आणि कोपऱ्यात पुढच्या गुरुवारची तारीख : कॅल्शियम तपासणे.